कोंडोबाची पेज

ऑफिसात माझं नाव कोंडोबा. खरं नाव दिगंबर, पण अंधेरीच्या आमच्या पॅकेजिंग कंपनीत ते आता फक्त ओळखपत्रापुरतं उरलंय. कँटीनमध्ये कुणी पांढरा पाव हातात घेतला की मी त्याच्या शेजारी जाऊन बसायचो आणि कोंडा नि आतडी यांवर बोलायला लागायचो. भर जेवणात आतडी काढणाऱ्या माणसाला इतक्या सौम्य नावावर सोडलं, हे सहकाऱ्यांचे उपकारच म्हणायचे.

घरीही तेच. मुलुंडच्या आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्याला माझी ताकीद होती, गहू जरा जाडसर दळायचा. घरात चाळणीला हात लावायचा नाही हा दुसरा नियम. माझी बायको नीला म्हणायची, "तुमच्या चपातीने गच्चीची गळती बुजवता येईल." मुलगी मुक्ता कॉलेजात असताना डबा झाकून खायची. मोडाची मटकी, भाजलेली अळशी, सालीची मुगाची डाळ, असं आमचं चाललेलं असायचं. मी काही डॉक्टर नव्हे. कुठेतरी वाचलं होतं की चोथा भरपूर खाणाऱ्याला मोठ्या आतड्याचा कर्करोग होत नाही. म्हणजे तिथे 'होण्याची शक्यता कमी असते' असं लिहिलेलं असणार. पीठ न चाळणाऱ्या माणसाने त्यातले 'शक्यता' आणि 'कमी' हे शब्द मात्र नीट चाळून काढले.

मला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला.

उपचार आता संपलेत. असं कुणाच्या घरी चालू असेल तर त्या घरातल्यांनी वाचावं, म्हणून हे लिहितोय. पेशंटने नाही वाचलं तरी चालेल. पेशंटला तसंही कुणी काही सांगत नाही.

जिना

घाटकोपरला उतरून मेट्रोकडे जाताना जो जिना लागतो, तो चढताना मला धाप लागायला लागली. मी आधी वजनाला दोष दिला, मग वयाला, मग सरकता जिना बंद ठेवणाऱ्यांना. शेवटी नीलाने धरून रक्त तपासायला नेलं. संध्याकाळी लॅबमधून फोन आला. "काका, तुम्ही सकाळी स्वतः चालत आला होतात ना?" हिमोग्लोबिन इतकं खाली होतं.

मग दुर्बिणीची तपासणी झाली. डॉक्टरबाई माझ्याहून लहान, बोलायला शांत. म्हणाल्या, "उजव्या बाजूला गाठ आहे. तिथूनच रक्त जात असणार, थोडं थोडं, न दिसता. तुकडा तपासायला पाठवलाय, पण मला ती कर्करोगाचीच वाटते."

मी म्हणालो, "शक्य नाही. मी कोंडा खातो."

त्यांनी एकदा नीलाकडे बघितलं. मग मला म्हणाल्या, "खाल्लात ते चांगलंच केलंत. त्याने धोका कमी होतो. संपत नाही."

लोक विचारतात, कळलं तेव्हा भीती वाटली का? भीती नंतर आली, आणि मुक्कामालाच आली. पहिल्यांदा वाटला तो अपमान. ज्याच्याशी उभा जन्म इमानाने वागलो, त्यानेच आपल्या घराचं कुलूप फोडावं, तसं. बाहेर आल्यावर नीला बाकावर फाइल छातीशी धरून बसली. म्हणाली, "आता काय करायचं हो?"

"आता मैदा खायचा," मी म्हणालो.

समोरच्या बेकरीत गेलो, क्रीमरोल घेतला आणि फुटपाथवर उभ्याने खाल्ला. बंड म्हणून. चांगला लागला, हे जास्त वाईट.

वॉर्डातली वाट

ऑपरेशन होऊन आतड्याचा तुकडा गेला. त्यानंतर हॉस्पिटलात माझ्याकडून सगळ्यांना एकच अपेक्षा होती. सकाळी सिस्टर यायच्या. "काका, गॅस पास झाला?" मग शिकाऊ डॉक्टर, मग सर्जन आपल्या लवाजम्यासह. प्रश्न तोच. ज्या गोष्टीसाठी घरच्यांनी मला आयुष्यभर बाल्कनीत धाडलं, तिची आता एवढी शिकलेली माणसं वाट बघत होती. अखेर ती झाली, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी हात वर करून "अभिनंदन" म्हटलं, आणि नीलाने डोळे पुसत माझ्या बहिणीला फोन लावला. त्या वॉर्डातला तो सर्वांत सुखाचा दिवस.

ही बहीण म्हणजे शालूताई. माझ्याहून बरीच मोठी, घाटकोपरला राहते, शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. आमची आई लवकर गेली. देवगडच्या घरातून मुंबईला आलो तेव्हा मला ताईच्या पदरातच टाकलं होतं. मला तिने भरवलंय, बडवलंय आणि शिकवलंय, याच क्रमाने. शाळेत ती शुद्ध मराठी बोलायची. माझ्यावर माया आली किंवा राग आला की मात्र थेट मालवणीवर उतरते.

त्या संध्याकाळी ती आली आणि पिशवीतून एक डबी काढून खाटेवर ठेवली. आत करड्या रंगाची पावडर.

"दिगू, ह्या बघ. भाताच्या कोंड्यातसून काढलेला आसा. कॅन्सरच्या गाठीक उपाशी मारता म्हणे."

"कोण म्हणे?"

"आमच्या योगाच्या बाई. त्यांच्या नणंदेक गुण इलो."

"ताई, मी अख्खा कोंडा खात आलो. गाठ उपाशी राहिली नाही, चांगलं बाळसं धरलं तिने."

"मेल्या, चेष्टा नको. ह्या अर्क आसा. अर्काची गोष्ट येगळी."

"कोंड्याशी माझी सोडचिठ्ठी झालीय. त्याच्या नातेवाइकांनाही मला भेटायचं नाही."

शेजारचे आजोबा हसले. मीही हसलो, टाके दुखेपर्यंत. ताई हसली नाही. तिने डबी पिशवीत टाकली, माझं पांघरूण नीट केलं आणि नीलाला घेऊन बाहेर कॉरिडॉरमध्ये गेली. बराच वेळ दोघी आल्या नाहीत. मला वाटलं, चहा प्यायला गेल्या असतील.

लोहाची गोळी

काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला. लसिकाग्रंथींपर्यंत कर्करोगाच्या पेशी पोचल्या होत्या, म्हणजे केमोथेरपी घ्यायला हवी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "फार उशीर करून चालणार नाही. पण या हिमोग्लोबिनवर मी केमो सुरू करणार नाही. आधी रक्त वाढवू." लोहाच्या गोळ्या दिल्या. सकाळी उपाशीपोटी घ्यायची, आणि तिच्या आगेमागे चहा नाही.

चहा सोडणं म्हणजे काय, हे ज्याने सोडला त्यालाच विचारा. पहाटे शेजारच्या घरातून आलं किसल्याचा वास यायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपायचो. पण सोडला.

उपाशीपोटी मात्र जमेना. आमच्या घराचा जुना कायदा आहे, पोटात काही घातल्याशिवाय गोळी घ्यायची नाही. आईचा कायदा, ताईने चालवला, नीलाने सासरचा म्हणून स्वीकारला. डॉक्टरांचं सांगणं आणि घरचा कायदा यांत घरचा कायदा वरचढ ठरला. नीला सकाळी उकड्या तांदळाची पेज करायची, वर मिठाचा खडा. मी दोन घोट पेज प्यायचो, गोळी घ्यायचो, मग उरलेली पेज. वाटी रिकामी होईपर्यंत नीला समोर बसून राहायची.

"अगं, पितोय मी. जा तू."

"संपवा. मग जाते."

मला वाटायचं, केवढी ही माया.

रक्त पुन्हा तपासलं. वाढलं नव्हतं. केमोची तारीख पुढे गेली. आणखी काही दिवसांनी तपासलं, तर उलट किंचित खाली. डॉक्टरबाईंनी कागद दोनदा वाचला. डॉक्टर कागद दोनदा वाचतात तेव्हा पेशंटला तिसऱ्यांदा वाचायची गरज उरत नाही.

"पुन्हा कुठून रक्त जात नाहीये ना, ते बघावं लागेल," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून घाबरलो. खराखुरा. आत पुन्हा काहीतरी उगवलंय आणि केमो अजून सुरूही नाही, हे डोक्यातून जाईना. संडासात टॉर्च घेऊन जायला लागलो. नीलाला गिझर बिघडला तर कुठलं बटण बंद करायचं ते शिकवायला लागलो. मुक्ता चिडली. "बाबा, हे काय चालवलंयस? कुठे चाललायस तू?"

"कुठे नाही. गिझर कधीही बिघडू शकतो."

ती आत गेली आणि तिने पंखा घरघरेल इतका मोठा केला. रडताना ती असंच करते.

दुर्बिणीच्या तपासणीआधी पोट साफ करायचं औषध प्यावं लागतं. लिंबाच्या चवीचं समुद्राचं पाणी समजा, मोठा जग भरून. आमच्याकडे संडास एक. मी तो दिवसभर ताब्यात ठेवला. नीला दाराबाहेर स्टूल टाकून बसली होती. "चक्कर येतेय का? कडी लावू नका हं." मी आतून म्हणालो, "कडी लावली नाही. लाज सोडली, तशी कडीही सोडली." ती हसली असावी. तेव्हा तरी मला तसंच वाटलं.

एक चमचा

तपासणी स्वच्छ निघाली. जोड नीट जुळलेला, रक्त कुठूनही जात नव्हतं. सुटलो, असं वाटून मी खुर्चीत सैल झालो. डॉक्टरबाई मात्र सैल झाल्या नाहीत.

"रक्त जात नाहीये, तर लोह मुरत का नाहीये? गोळी कशी घेता?"

"रोज. एकदाही चुकवली नाही. चहासुद्धा सोडलाय," मी छाती काढून सांगितलं.

"उपाशीपोटी?"

"तशी उपाशीपोटीच. म्हणजे पेजेबरोबर."

"पेजेत काय असतं?"

"भात, पाणी, मीठ."

"आणि एक चमचा पावडर," नीला म्हणाली.

मी हसलो. मला वाटलं, गंमत करतेय. मग लक्षात आलं, आमच्या घरात गंमत मी करतो. नीला समोरच्या टेबलाच्या कडेकडे बघत होती.

"कसली पावडर?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"भाताच्या कोंड्याचा अर्क. ह्यांच्या बहिणीने दिलेला. हॉस्पिटलातून आल्यापासून देतेय. ह्यांना सांगितलं असतं तर घेतला नसता. चांगलंच आहे म्हणाले सगळे. मला वाटलं... बंद केला आणि काही झालं तर माझ्यावर यायचं, म्हणून चालू ठेवला."

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी डबीचा फोटो मागितला, नीलाच्या फोनवर तो होता, तो मोठा करून वाचला आणि मला समजावून सांगितलं. या अर्कात जो घटक असतो त्याला फायटेट म्हणतात. धान्याचा कोंडा, डाळी, शेंगा, तीळ यांत तो मुळातच असतो आणि जेवणातून येतो तेवढा बहुतेकांना बाधत नाही, उलट त्याचे फायदेही असावेत. प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींवर त्याचे परिणाम आशा वाटावी असे दिसलेत, संशोधन चालू आहे. माणसांत अजून खात्रीने सांगावं असं काही हाती नाही. "पण त्याची एक सवय आहे," त्या म्हणाल्या. "पोटात लोह भेटलं की त्याला मिठी मारून बसतो. सोडत नाही, अंगात जाऊ देत नाही. तुम्ही दोघांना रोज एकाच वाटीत भेटवलंत."

मिठी मारतो आणि जगू देत नाही. गुण आमच्या घराण्यातलाच वाटला.

"हेच एकमेव कारण असेल असं नाही," त्या पुढे म्हणाल्या. "पण मला हे पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. ही तपासणीही कदाचित टळली असती."

घरी

घरी मुक्ता दार उघडायला आली. आमचे चेहरे बघून तिने माझ्याकडे न बघता आईला विचारलं, "सांगितलंस?"

म्हणजे तिलाही माहीत होतं.

"मी वाचलं होतं, बाबा," ती म्हणाली. "चांगलं लिहिलेलं होतं त्याच्याबद्दल. लोहाचंही असणार त्यात, मी तिथपर्यंत गेलेच नाही. मला फक्त तू बरा व्हायला हवा होतास."

"मग मला का नाही सांगितलंत? माझ्या तोंडात जाणारी वस्तू, माझं पोट!"

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं! तोच तर मुद्दा! मी नाही म्हणालो होतो!"

मग नीला एकदम म्हणाली, "तुमच्याशी बोलायचं तरी कुठून? काही काढलं की तुमचा विनोद आडवा येतो. ताई डबी घेऊन आल्या तेव्हा अख्ख्या वॉर्डासमोर हसलात त्यांना. मला विचारलंत का एकदा तरी, नीला, तुला काय वाटतं? मला भीती वाटत होती. भीतीला काहीतरी करायला हवं होतं, ते करत होते."

यावर मला विनोद सुचला नाही. पण माझा राग गेला, असंही समजू नका. ती दाराबाहेर स्टूल टाकून बसली होती आणि आत मी मरणाच्या भीतीने ते खारं पाणी रिचवत होतो. दोघांच्या मध्ये एक दार होतं आणि त्या दाराला कडीही लावलेली नव्हती. तरी तिने सांगितलं नाही. पावडरीचा आणि रक्ताचा संबंध तिला ठाऊक नव्हता, हे मला कळतं. कळल्याने दुखायचं थांबत नाही.

ताईला मी स्वतः फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "माझ्या हातान तुझा वायट होयत काय रे, दिगू?"

"झालं, ताई."

तिने फोन ठेवला. नंतर ती बरेच दिवस आली नाही, मीही बोलावलं नाही.

त्यानंतरचं

लोह मग शिरेतून दिलं. पावडर बंद झाली, गोळी बंद झाली, हिमोग्लोबिन चढलं. यातलं नेमकं कशाने किती, ते डॉक्टरबाईही सांगत नाहीत. केमो उशिरा का होईना, सुरू झाली. त्या उशिराने पुढे काय फरक पडेल, तेही कुणी सांगू शकत नाही. तो प्रश्न घेऊन मला राहायचं आहे आणि आमच्या घरात तो कुणी मोठ्याने उच्चारत नाही.

केमोचे दिवस सगळ्यांचे सारखेच. फ्रीजचं दार उघडलं की बोटांना सुया टोचायच्या. पाण्याला नाण्याची चव यायची. पण माझी वेगळी अडचण होती. मला घरचं जेवण घशाखाली उतरेना. खालच्या हॉटेलातली इडली चालायची, हॉस्पिटलच्या कँटीनमधली पांढरीफटक खिचडी चालायची, ज्यांना माझं नावही माहीत नाही त्यांचा स्वयंपाक चालायचा. नीलाने वाढलेल्या आमटीत मी चमचा फिरवत बसायचो. काय शोधत होतो कोण जाणे.

तिने ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ताट वाढलं की ती माझ्यासमोर त्यातला एक घास आधी स्वतः खायला लागली. पहिल्या दिवशी मी ताट ढकललं. मग खायला लागलो, पण अशा घासाला कसली चव असते ते माझ्या शत्रूलाही कळू नये. त्यापेक्षा केमो बरी.

आता सांगायचं ते एवढंच. तुमच्या पेशंटला काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारून द्या, कोंड्याचं असो की सोन्याचं. निसर्गातलं आहे म्हणून निरुपद्रवी नसतं. आणि पेशंट नाही म्हणाला तर भांडा, रडा, चार दिवस अबोला धरा. पण त्याच्या वाटीत हात घालू नका. रोगाने माझं आतडं नेलं, ते मी एव्हाना सोडून दिलंय. सकाळच्या वाटीवरचा भरवसा गेला, तो अजून परत येतोय, तोही लंगडत.

ताई आली

शेवटची केमो झाल्यावर ताई आली. न कळवता. आधीपेक्षा वाळलेली दिसली. हातात गावाहून आलेल्या कुळथाच्या पिठाची पुडी. दारातच मला पुडी उघडून दाखवली, हुंगायला लावली.

"पिठी करतंय," ती म्हणाली. "तू हय स्टूल घेऊन बस. बघ."

मी ओट्याशेजारी बसलो. शाळेत फळ्यापुढे उभी राहायची तशी ती गॅसपुढे उभी राहिली.

"बघ, तेल. बघ, लसूण, चार पाकळ्ये. ही मिरची. ह्या पीठ, पाण्यात कालवलेला. ह्या आमसूल. ह्या मीठ." दर वेळी चमचा माझ्या नाकासमोर धरायची, मी मान डोलावली की टोपात टाकायची. मीठ थोडं ओट्यावर सांडलं, तर तेही बोट लावून चाटून दाखवलं. "मीठच आसा."

याच हाताने मला भरवलं होतं. तो हात झाडा दिल्यासारखा माझ्यासमोर उघडा धरलेला मला बघवेना.

"पुरे, ताई," मी म्हणालो. "कर तू. मी नाही बघत."

"बघ. माका राग नाय."

"मला आहे. पण नाही बघत."

मी स्टूल फिरवून खिडकीकडे तोंड केलं. पाठीमागे पिठीला उकळी आली, डाव फिरत राहिला. मग फडताळातल्या कुठल्याशा डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला, आणि माझी मान वळायला लागली. मी दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरले.

"कोथिंबीर," ताई मागून म्हणाली.

"मी विचारलं नाही," मी म्हणालो, आणि गज सोडले नाहीत.